मिस्त्रींची ओंजळ

चाळीस वर्षं दारं-खिडक्या बसवणाऱ्या मिस्त्रींनी दुसऱ्याने घेतलेल्या मापावर कधी करवत चालवली नाही. पक्षाघाताने उजवा हात लुळा पडला, तरी शर्टाची बटणं ते डाव्या हाताने स्वतःच लावायचे. बायको पुढे आली की डाफरायचे, "मी अजून मेलो नाही."

"मेलेली माणसं निदान गप्प तरी असतात," म्हणत ती चहा ठेवायला जायची.

रविवारी दोघं चर्चला जायची. पण प्रभुभोजनाची, येशूच्या स्मरणात भाकर घ्यायची, वेळ आली की मिस्त्री बाकावरच बसून राहायचे. त्यांच्या मंडळीत भाकरीचा तुकडा ताटातून कुणी उचलत नसे. दोन्ही हातांची ओंजळ पुढे करायची, उपासना चालवणारे पाळक त्यात तुकडा ठेवत. मिस्त्रींची ओंजळ होत नव्हती. हात सुधारल्याशिवाय वेदीपुढे जायचं नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. घरी रोज तासभर टेबलाशी बसून ते उजवा तळवा डाव्याशेजारी आणायची खटपट करत. सात महिने गेले, हात ढिम्म हलेना. शेवटी डॉक्टरांनी सांगून टाकलं, "आता आहे एवढंच."

म्हणजे भाकर कायमची सुटली. मिस्त्रींनी टेबलाशी बसणंही सोडलं. शनिवारी पाळक घरी आले.

"उद्या पुढे या, मिस्त्री."

"कसा येऊ? हात त्या लायकीचा राहिला नाही."

"आधी होता?"

मिस्त्रींनी मांडीवरच्या लुळ्या हाताकडे पाहिलं.

"आपले हात रिकामे आहेत, हे दाखवायला ओंजळ करायची," पाळक म्हणाले. "तुम्ही तिची परीक्षा करून ठेवलीत, पास झालो की जाईन म्हणे! देव लायकी बघून द्यायला लागला, तर पहिला मीच उपाशी राहीन."

"तुमचं बरं आहे. तुमचे दोन्ही हात चालतात."

"तोंड चालतंय ना तुमचं?" आतून बायको म्हणाली. "चांगलं चालतंय."

रविवारी नाव पुकारल्यासारखे मिस्त्री बाकावरून उठले. वेदीपुढे त्यांनी डावा हात धरला. एका हाताची ओंजळ होईना. मग उजवीकडे उभ्या बायकोला ते म्हणाले, "जरा हात लाव गं."

चौतीस वर्षांच्या संसारात हे तिने पहिल्यांदा ऐकलं. तिने आपला उजवा तळवा त्यांच्या डाव्याला भिडवला. पाळकांनी तुकडा ठेवला, तो घरंगळून तिच्याच बाजूला गेला. मिस्त्रींनी वाकून तो तिच्या तळव्यावरून ओठांनी घेतला.

मागच्या बाकावरच्या एकाला ते शोभणारं वाटलं नाही, असं नंतर कानावर आलं.

"नसेल शोभलं," मिस्त्री म्हणाले. "भूक लागली होती."