खांबाची साल

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी तेव्हा जुन्या लाकडाचं वय काढायला शिकत होते. झाड दरवर्षी एक वलय वाढवतं. पाऊस बरा झाला तर जाड, दुष्काळ पडला तर बारीक. ती जाड-बारीक वलयं दुसऱ्या लाकडांशी जुळवली की झाड कधी तोडलं ते कळतं. अट एकच, सालीखालचं शेवटचं वलय शाबूत हवं. आणि आपले सुतार साल ठेवतील तर शपथ! माझ्या मार्गदर्शकांनी निर्वाणीचं सांगितलं होतं, "सालीसकट एक खांब दाखवा, नाहीतर विषय बदला."

तो खांब मला सोलापुरात, शुक्रवार पेठेतल्या एका मठात सापडला. सागाचा, अंधाऱ्या कोपऱ्यातला, आणि भिंतीकडच्या अंगाला चक्क बोटभर साल! मी त्याला मिठीच मारली. मठाचे म्हातारे कारभारी बघतच राहिले.

"पुढच्या महिन्यात नमुना काढायला गिरमिट घेऊन येते," मी म्हटलं.

"या की," ते म्हणाले. "खांब कुटं पळून जातोय?"

महिन्याने सकाळच्या गाडीने उतरले. कारभाऱ्यांचं घर मठाला लागूनच. त्यांच्या बायकोने माझ्यासाठी बंब पेटवून ठेवला होता. पाणी असं कडकडीत, की प्रवासाचा शीण कुठल्या कुठे गेला. मी न्हाणीत गाणंसुद्धा म्हटलं.

ओल्या केसांनीच मठात गेले. खांब लख्ख चकाकत होता. सगळीकडून रंधा मारलेला, वर तेल, आणि मधोमध भस्माचे तीन पट्टे.

"पुण्याच्या बाई बघायला येणार म्हणून सुतार लावला," कारभारी अभिमानाने म्हणाले. "पोरगी दाखवायची तर तोंड धुऊनच दाखवत्यात न्हवं?"

"आणि साल?"

"ती आन् ढलप्या तुमच्याच बंबात की! लई जुनं लाकूड, झकास पेटलं."

मी धावत न्हाणीत गेले आणि बंबाची राख उपसू लागले. हाताला फक्त राखच लागली. मला रडूच कोसळलं. कारभाऱ्यांच्या बायकोला वाटलं, मला आणखी पाणी हवंय. त्यांनी वरून दोन गोवऱ्या टाकल्या.

काय जळालं ते मी कारभाऱ्यांना हुंदके देत समजावलं. भला माणूस फार वरमला. म्हणाला,

"आदी सांगायचं की बाई. गार पाण्यानं घातली असती तुमाला आंघूळ."