विश्वंभररावांचा हरवलेला लाल रंग

पडदा वर जातो, तेव्हा बडोद्याच्या सुभानपुऱ्यातल्या एका बैठकीत सामान भरलेली खोकी रचलेली आहेत. मधोमध टेबल. डावीकडे सत्याऐंशी सालचा पिवळा पडलेला घरगुती कॉम्प्युटर. उजवीकडे व्हिडिओ स्टुडिओत असतो तसला तीस किलोचा लोखंडी मॉनिटर. आणि टेबलामागे, दातांत वायर धरून वाकलेले विश्वंभरराव.

विश्वंभररावांनी जन्मभर रिफायनरीत मीटर दुरुस्त केले आणि संध्याकाळी आमच्या नाटकमंडळीचे दिवे सांभाळले. वीस वर्षांत माझ्या चेहऱ्यावर त्यांनी नको तिथे सावली पडू दिली नाही. टाळ्या मात्र मी घेतल्या. म्हणून त्यांनी हाक मारली की मी जाते.

ते आणि त्यांची बायको कौशल्या आता अकोट्याला मुलीकडे, अवंतीकडे राहायला जाणार होते. फ्लॅट लहान. अवंतीनं बजावलं होतं, "बाबा, कॉम्प्युटर चालू झाला तर आणा. नाहीतर शनिवारी भंगारात."

तो कॉम्प्युटर पूर्वी टीव्हीच्या अँटेनाच्या भोकातून चित्र दाखवायचा. नव्या सपाट टीव्हीला ते जमेना. तेवढ्यात डभोईचा एक लग्नाच्या व्हिडिओचा स्टुडिओ बंद झाला आणि मालकानं मॉनिटर "उचलून न्या" म्हणून दिला. त्याला अँटेनाची सोयच नाही. लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाची वेगवेगळी तार, शिवाय चित्र स्थिर ठेवणारी चौथी. कॉम्प्युटरच्या पाठीला त्यासाठी एक गोल सॉकेट होतं. अडतीस वर्षांत ते कधी वापरलंच नव्हतं.

तारा बसल्या. बटण दाबलं. विश्वंभररावांनी दोन ओळी टाइप केल्या आणि पडद्यावर आठ रंगांचे पट्टे उभे राहिले.

मी टाळी वाजवली. विश्वंभरराव पांढरेफटक.

"मोहनाताई, सहावा पट्टा कोणता दिसतो?"

"काळा."

"माझ्या समाधानासाठी सांगू नका."

"समाधानासाठी सांगायचं असतं तर गुलाबी नसता का म्हटला?"

त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला महिनाच झाला होता. बिचाऱ्यांना वाटलं, डोळ्यांतून लाल रंगच गेला! सहावा पट्टा लाल हवा होता. पांढरा हिरवटनिळा झाला होता, पिवळा हिरवा. डोळे शाबूत आहेत म्हटल्यावर ते आणखीच खचले. "मग हा कॉम्प्युटरच गेला."

पण मीटरवाला माणूस. त्यांनी हिरवी तार काढून मॉनिटरच्या लाल भोकात घातली. पडद्यावर लालभडक पट्टे! म्हणजे मॉनिटर ठीक. टॉर्च घेऊन त्यांनी कॉम्प्युटरच्या सॉकेटमध्ये पाहिलं आणि सुईनं खरवडलं. बोटावर खपली आली. लाल.

मी दचकले. "रक्त?"

चहा घेऊन आलेली कौशल्या जागीच थबकली. "अगंबाई, हे तर कुंकू!"

"कॉम्प्युटरच्या आत?"

"दरवर्षी दसऱ्याला पूजा करते ना मी याची. बटणांवर कुंकू लावलं की तुम्ही ओरडायचात, म्हणून मागे लावायला लागले. त्या गोल भोकात बोट छान बसायचं..." ती मटकन खोक्यावर बसली. "अडतीस वर्षं मी याचं नाक बुजवत होते?"

विश्वंभररावांनी तिच्याकडे पाहिलं. मग ते उठले, दात घासायचा जुना ब्रश आणि स्पिरिट घेऊन आले आणि सॉकेटमधला एकेक कण काढू लागले. कौशल्येनं टॉर्च धरला.

तारा पुन्हा लावल्या. सहावा पट्टा लाल! असा लाल मी बडोद्यातल्या कुठल्याच रंगमंचावर पाहिला नव्हता. कौशल्येनं तोंडावर पदर घेतला.

तेवढ्यात दारातून अवंती आत आली. तिनं पट्टे पाहिले, मग ती लोखंडी पेटी पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"बाबा! बोलणं कॉम्प्युटरचं झालं होतं. या धोंड्याचं नाही हं. एकटा तोच येईल."

विश्वंभररावांनी कौशल्येच्या हातातला टॉर्च घेतला, विझवला आणि म्हणाले, "तू मला तरी आईशिवाय एकट्याला नेलं असतंस का?"