सरांचा अंगठा

आमच्या घरात सगळ्यांत जास्त शिकलेल्या बाईला अंगठेबहाद्दर म्हणतात. ही बाई म्हणजे माझी मोठी मावशी, आणि हे नाव ठेवणारी माझी आई, तिची सख्खी धाकटी बहीण. पेला फुटला, आरशावर डाग दिसला, की आई विचारणार, "हा कोणाचा अंगठा?" मावशी हसते. तिचं ते हसणं मला अजिबात सहन होत नाही.

मावशी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाली, पण तिची उमेद गेली त्याआधीच, विद्यापीठाच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत. डीएनएची शिडी कशी वळलेली असते हे तोवर जगाला कळलं होतं. ती शिडी आणि तिच्याभोवतीचा सगळा जिवंत पसारा निर्जीव मातीपाण्यातून पहिल्यांदा उभा कसा राहिला, हे कोडं सुटत नव्हतं. मावशीचे सर त्याच्या मागे हात धुऊन लागले होते. हात धुऊन हे आपलं म्हणायला.

तळघरात फरशीवर आम्लाचे पिवळे डाग होते आणि पंपाची घरघर कधी थांबत नसे. टेबलावर काचेचे दोन सारखे चंबू. दोन्हींत पाणी आणि पृथ्वी नवी असताना असतील असे वायू. एका चंबूत विजेच्या ठिणग्या पाडायच्या, दुसरा तसाच ठेवायचा. ठिणग्यांच्या चंबूत काही सापडलं आणि दुसऱ्यात नाही, तर ती विजेची करामत.

चंबूचं बूच घट्ट बसावं म्हणून त्याला ग्रीस लावतात. मावशी आणि तिच्या शेजारी काम करणारा तिचा जोडीदार ते काचेच्या कांडीने लावत. मोठा प्रयोग असला की मात्र सर स्वतः खाली येत आणि ठिणग्यांच्या चंबूला उघड्या अंगठ्याने ग्रीस फासत. माझा हात लागला की काम फत्ते, असं ते म्हणत आणि सगळे माना डोलवत. दुसऱ्या चंबूला ते कधी शिवले नाहीत. त्यात काही घडायचंच नव्हतं, मग कशाला शिवतील?

आणि एकदा खरंच फत्ते झालं. ठिणग्यांच्या चंबूत अमिनो आम्लं सापडली, ज्यांची प्रथिनं बनतात ती. तेवढी तर इतरांनाही मिळाली होती. ही सगळी डावी निघाली. या रेणूंचे डावे आणि उजवे असे दोन प्रकार असतात, आपल्या दोन हातांसारखे. वीज दोन्ही सारखेच बनवते, जिवंत शरीर मात्र बहुतेक फक्त डावे. सरांनी जाहीर केलं की जीवाचा डावेपणा चंबूत अवतरला. देशोदेशींहून कौतुक आलं, आणि मावशीचा डॉक्टरेटचा प्रबंध याच निकालावर बेतला गेला.

शंका आली तीही मावशीलाच. नुसते डावे फक्त जिवंत शरीर बनवतं, तर मग इथे जिवंत काय होतं? तिने कांडीने ग्रीस लावून तोच प्रयोग पुन्हा केला. डावे-उजवे निम्मे निम्मे, तेही जेमतेम. मग तिने सर आणि जोडीदार या दोघांसमोर एका कोऱ्या चंबूच्या बुचावर स्वतःचा अंगठा दाबला. ठिणग्या नाहीत, काही नाही. तपासलं तर त्यात डावेच. पृथ्वीवरच्या पहिल्या जीवाची चाहूल म्हणून जे जगभर गाजत होतं, तो सरांच्या अंगठ्याचा घाम होता.

गप्प बसली असती तर डॉक्टर झाली असती. आई अजून तेच म्हणते. पण मावशीने सरांना सांगितलं की तुम्ही मागे घेत नसाल तर मी जाहीर करते. सरांनी निकाल मागे घेतला. त्यासाठी त्यांनी नियतकालिकात एकच वाक्य छापलं, की एका सहायक मुलीचा अंगठा लागल्यामुळे नमुना दूषित झाला होता. तिला अंगठा लावताना पाहिलेला साक्षीदारही होताच, तो जोडीदार! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. प्रबंध बुडाला, नोकरी गेली, आणि स्वतःची चूक जाहीर करणारा माणूस म्हणून सरांचा मान आणखी वाढला. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात तेव्हा निदान चोराचा सत्कार तरी करत नाहीत.

मागच्या वर्षी मला त्याच प्रयोगशाळेत नोकरी लागली. सर वारले होते आणि जोडीदार प्रमुख झाला होता. मावशीने आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं. त्याला विचार, म्हणाली, त्याने एक वाक्य छापावं की तो अंगठा माझा नव्हता. बाकी काही नको.

पहिल्याच दिवशी प्रमुखांनी नव्या मुलांना हातमोजे वाटले आणि निष्काळजी मुलीची गोष्ट सांगितली. गोष्ट रंगवून सांगितली. मुलं पोट धरून हसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. सगळे गेल्यावर मी त्यांना सांगितलं की ती माझी मावशी, आणि तिचं मागणंही सांगितलं. वाटलं, आठवत नाही म्हणतील.

त्यांनी दार लोटून घेतलं. "अंगठा सरांचा होता. मी तिथेच उभा होतो," ते म्हणाले. "पण आता छापलं तर लोक विचारतील, इतकी वर्षं काय करत होतास. मला निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत गं." आणि मावशीची तब्येत कशी आहे, असं मायेने विचारलं.

घरी आले तेव्हा मावशी दारातच उभी होती, बाहेर जायची साडी नेसून. कशासाठी कोण जाणे. खोटं सांगावंसं वाटत होतं, पण खोट्याने त्या बाईचं पुरेसं वाटोळं झालं होतं. मी सगळं शब्दाला शब्द सांगितलं.

तिने खुर्ची ओढली आणि बसली.

"म्हणजे त्याला आठवतंय," ती म्हणाली. "मी समजत होते, विसरला. विसराळूच होता तो, ग्रीसचा डबासुद्धा उघडा टाकून जायचा. म्हणून तर इतकी वर्षं मी त्याच्यावर रागावले नव्हते."

आत आईच्या हातून काहीतरी पडून फुटलं. त्या दिवशी तिने कोणाचा अंगठा ते विचारलं नाही.