घराचं मत

त्या खेळाचा विषय निघाला की मला अजून शिसारी येते. खेळ बिचारा साधा होता, शिसारी आमचीच येते.

टाळेबंदीचे दिवस होते. साकोलीतलं आमचं कापडाचं दुकान बंद, माग बंद, आणि आम्ही सहा चुलत भावंडं दुपारची जेवणं आटोपली की एकाच सतरंजीवर मोबाइल घेऊन पसरायचो. सातवी माझी कॉलेजातली मैत्रीण. ती दिघोरीला, तिच्या घरून खेळायची. माझ्याहून एक वर्ष मागे, म्हणून मला ताई म्हणायची. खेळात सगळे एका बोटीवर कामं करतात, पण त्यातला एक छुपा खुनी असतो. कुणाचं प्रेत सापडलं की बैठक बसते, चर्चा होते आणि मतं पडतात. ज्याला जास्त मतं, तो बाहेर.

ती फार हुशारीनं खेळायची. कोण कोणत्या खोलीत होतं हे तिच्या बरोबर लक्षात राहायचं. "पुरावा नसंन तं मत कोरं सोडा," ती सांगायची, "चुकीचा माणूस काढला तं खुन्याचंच काम होते." अगदी खरं होतं ते.

पण आमच्या घराला मत द्यायची एकच रीत ठाऊक. वॉर्डाची निवडणूक आली की मोठे काका सकाळच्या चहाला एक चिन्ह सांगायचे आणि सुनांसकट अख्खं घर तेच बटण दाबून यायचं. काहून, असं कोणी विचारत नसे. 'घराचं मत फुटलं' ही आमच्याकडे शिवी होती. मोठ्या दादानं तीच रीत खेळात आणली. बैठक बसली की आम्ही माइक बंद करायचो, दादा नाव सांगायचा, आणि आमची सगळी बोटं त्याच नावावर. पहिलं नाव कायम तिचं. "आधी परकी काढा," दादा म्हणायचा. तिचं घर बौद्ध, आमचं कोष्ट्यांचं. तसं कोणी उच्चारत नव्हतं, 'परकी'मध्ये सगळं मावत होतं. ती गेली की दादा खुनी असला तर एकेकाला निवांत मारायचा आणि आम्ही मूर्ख हरून वर दात काढायचो. असल्या अकलेला काय म्हणावं!

एके दिवशी ती आणि मी इंजिनच्या खोलीत होतो. आमच्या डोळ्यांदेखत दादानं धाकट्या बहिणीला मारलं आणि पळाला. तिनं लगेच बैठक बोलावली.

"दादानं मारलं, मी पाह्यलं," ती म्हणाली. "ताई, तू तं माह्यासंगंच होती. सांग ना सगळ्यायले."

दादानं माइक बंद केला. धमकी नाही, काही नाही. माझ्याकडे बघून हसत म्हणाला, "घराचं मत फुटलं नाही पाहिजे हं."

पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते मी, मतदार यादीत नाव होतं. आणि एका खेळात मला माझं बोट हलवता आलं नाही. म्हणजे हलवलं, तिच्या नावावर. ती बाहेर गेली. सतरंजीवर टाळ्या पडल्या, एक भाऊ तर गडाबडा लोळला. त्या हसण्यात मीही होते, हे लिहितानाही घाण वाटते.

कोणी कुणाला मत दिलं ते त्या खेळात सगळ्यांना दिसतं. संध्याकाळी तिचा फोन आला. मी गच्चीवर गेले, एकटीच.

"राग नाही आला ताई, खेळच व्हय," ती म्हणाली. "फक्त एक सांग. तुले दिसलं होतं ना?"

आता ना दादा समोर होता, ना मतं पडायची होती. खरं सांगितलं असतं तर कुणाला कळणारही नव्हतं.

"नाही वं," मी म्हणाले, "मले नाही दिसलं."