ज्यांनी मला सुपरवायझर केलं

खांद्यावर हात ठेवल्याशिवाय साहेबांना बोलता येत नसे. हातही नुसता ठेवायचा नाही. बाजारात आंबा दाबून पाहावा तसं अंगठ्याने खांद्याचं हाड दाबायचं, मान तिरपी करायची आणि म्हणायचं, "स्वतःला कमी लेखू नका, पराते."

माझ्या जागी मेश्राम असले तर मेश्राम, वासनिक असले तर वासनिक. बाकी वाक्य तेच. असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात, कारखान्यात असेलच. तो आपल्याला मोठं करायला निघाला की आपण खिसे चाचपून पाहावेत.

बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत साहेब कार्मिक अधिकारी होते. मी तिथे मशीनवर कामाला होतो. धागा तुटला की जोडायचा, सुताची बॉबिन भरली की बदलायची, आठ तास उभं राहायचं. आमच्या घरात सूत पिढ्यानपिढ्यांचं. वडील तांडापेठेत हातमागावर बसायचे, मी गिरणीत उभा राहायचो, एवढाच फरक.

साहेबांची केबिन थंड असायची. टेबलावर लवंगांची डबी, खिशात कंगवा. कोणाशीही बोलण्याआधी ते केसांवरून कंगवा फिरवायचे, मग तो माणूस रडत आलेला का असेना. एका मे महिन्यात वाइंडिंग, म्हणजे सूत गुंडाळायच्या, खात्यातल्या बायका त्यांच्याकडे गेल्या. खात्यात एकच कूलर होता आणि दोघीजणी चक्कर येऊन पडल्या होत्या. साहेब स्वतः पाहायला आले, याचं सगळ्यांना केवढं कौतुक! आले, थेट त्या एकुलत्या कूलरसमोर उभे राहिले, शर्टाची कॉलर सैल केली आणि म्हणाले, "इथे तर छान हवा आहे." आणि परत गेले.

सुट्टीचा अर्ज घेऊन गेलं की म्हणायचे, "बघतो, सांगतो." बघायचं काहीच नसायचं. दार लोटून ते मुंबईला मालकांच्या ऑफिसात फोन लावायचे. काचेतून दिसायचं, फोनवर बोलताना ते खुर्चीतून अर्धे उठलेले असत. माझी आई गेली तेव्हाही माझी तीन दिवसांची सुट्टी मुंबईहूनच आली. दोन दिवसांची. साहेबांनी माझा खांदा दाबला आणि म्हणाले, "धीर धरा."

अशा गिरणीत युनियन उभी राहिली ती कुंदाताई मेश्राम यांच्यामुळे. वाइंडिंगमध्ये त्यांची वीस वर्षं झाली होती. ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा, आवाज मात्र असा की मशीनच्या गडगडाटातही शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा. जेवणाच्या सुट्टीत त्या एकेकाजवळ जाऊन बसायच्या आणि सही घेऊनच उठायच्या. निम्म्याहून जास्त कामगारांच्या सह्या झाल्या, तेव्हा युनियनने कंपनीशी बोलणी करण्याचा हक्क मागितला. कंपनीने हरकत घेतली. मग कामगार खात्याकडून पत्र आलं, की या गिरणीत कामगार नेमके कोण कोण, याची यादी आधी ठरेल. युनियनकडे बहुमत आहे की नाही, आणि ती कोणाच्या वतीने करार करणार, हे त्या यादीवरून कळेल.

तोवर आम्हाला वाटत होतं, की हे ठरवायचं काय त्यात? जो घाम गाळतो तो कामगार. साहेबांना ते इतकं सोपं वाटत नव्हतं. दुसऱ्यांच्या कामावर देखरेख करणारा माणूस त्या यादीत येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आठवड्याभरात त्यांनी जुन्या कामगारांना एकेक करून केबिनमध्ये बोलावलं. माझा नंबर तिसऱ्या दिवशी लागला. टेबलावर माझ्या नावाचं पत्र आणि प्लास्टिकच्या पिशवीत एक पांढरा शर्ट.

"पराते, बारा वर्षं झाली तुम्हाला. आजपासून तुम्ही शिफ्ट सुपरवायझर."

"पगार साहेब?"

"आधी जबाबदारी येते, मग पगार येतो. स्वतःला कमी लेखू नका. इथे सही करा."

मी सही केली. इथे मला स्वतःलाही सोडायचं नाही. मला कोणी धमकावलं नव्हतं, की कसली लालूच दाखवली नव्हती. मला ते पद आवडलं होतं. तो शर्ट घालून मी साळ्याच्या घरी वास्तूला गेलो आणि जेवणाच्या पंगतीत तीन जणांना सांगितलं की मी आता सुपरवायझर आहे. दुसऱ्या दिवशी त्याच शर्टात, त्याच मशीनवर, त्याच तुटलेल्या धाग्यांना गाठी मारल्या. माझ्या हाताखाली कोणी नव्हतं. संध्याकाळी बायकोने शर्टावरचे तेलाचे डाग पाहिले आणि विचारलं, "सुपरवायझर लोक मशीनखाली लोळून राहिले का आता?"

कुंदाताईंनाही पत्र मिळालं होतं. वाइंडिंग प्रमुख. त्या केबिनमध्ये बसल्यासुद्धा नाहीत.

"साहेब, मले मोठं करू नका. आहे तेवढीच राहू द्या."

"अहो ताई, स्वतःला कमी..."

"लेखत नाही. म्हणूनच तर परत करून राहिली."

पत्र साहेबांच्या टेबलावर ठेवून, वरून लवंगांच्या डबीचं वजन ठेवून, त्या बाहेर आल्या. अशा परत करणाऱ्या तीन-चारच निघाल्या. आम्ही साठेक जण पांढरे शर्ट घालून मोकळे झालो.

मग सुनावणी झाली. साहेबांनी एक मोठा तक्ता आणला होता, चौकोनांचा. वरच्या चौकोनात मुंबईचे मालक, त्याखाली मॅनेजर, त्याखाली आम्ही, आणि आमच्याखाली रेघा ओढून आणखी चौकोन. माझ्या चौकोनाखालच्या माणसांची नावं मी तिथेच पहिल्यांदा वाचली. त्यातला एक नोकरी सोडून गेलेला होता.

चौकशी करणारे अधिकारी शांत गृहस्थ होते. त्यांनी तक्ता बाजूला सारला आणि मला साधा प्रश्न विचारला.

"तुमच्या हाताखालच्या माणसाला सुट्टी हवी असेल, तर ती कोण मंजूर करतं?"

समोर साहेब बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, ते केस विंचरत होते. मागच्या बाकावर कुंदाताई होत्या. मला तो शर्ट आठवला, साळ्याचं घर आठवलं, तिथे खाल्लेला भाव आठवला.

"मी करतो," मी म्हणालो.

"कामावर उशिरा आलेल्याला समज?"

"मीच देतो."

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. माझ्या मागून इतरांनीही तेच सांगितलं. पहिला माणूस जे बोलतो तेच पुढचे बोलतात.

बाहेर जिन्यात कुंदाताई थांबल्या होत्या. चष्मा पदराला पुसत म्हणाल्या, "पराते, तू सुट्टी देतं म्हणे. मले दे न गा उद्याची. नातनीले दवाखान्यात न्यायचं आहे धंतोलीले."

मी खाली मान घालून उतरलो. त्यांनी हाक मारली नाही.

आमची नावं यादीतून गळाली. तरी उरलेल्यांतही बहुमत कुंदाताईंचंच निघालं, कसंबसं. युनियनचा करार झाला. यादीतल्यांना पगारवाढ, पंख्यांची सोय, आणि नोकरीवरून काढायचं तर आधी युनियनशी बोलायचं, असं कलम. आम्ही पांढऱ्या शर्टातले भिंतीवरचा तो कागद लांबून वाचायचो. साहेब येता-जाता म्हणायचे, "तुमचं मी वेगळं बघतो आहे."

दोन वर्षांनी जुन्या मशीन बंद झाल्या, तेव्हा त्यांनी आमचं वेगळं बघितलं. यादीतल्या कामगारांना दुसऱ्या खात्यात जागा द्यावी लागली. सुपरवायझरांना एका महिन्याचा पगार आणि नोकरी संपल्याचं एक पाकीट. पाकीट देतानाही साहेबांनी खांदा दाबला. मी तो हात झटकला असता तर आज ही गोष्ट सांगताना बरं वाटलं असतं. मी झटकला नाही.

मी कामगार न्यायालयात गेलो. मी खरा कामगारच होतो, असं सिद्ध करायचं होतं; तिथे दाद फक्त कामगारालाच मिळते. कंपनीच्या वकिलाने माझाच जबाब माझ्यासमोर ठेवला. सुट्टी मी देतो, समज मीच देतो, खाली माझी सही. केस तिथेच संपली. आता मी हिंगण्याला एका छोट्या कारखान्यात आहे, मशीन दुरुस्तीला. पद विचाराल तर फिटर.

पुढे गिरणीचं कार्मिक काम सगळं मुंबईहून, कॉम्प्युटरवर होऊ लागलं. साहेबांनाही पाकीट मिळालं. हे ऐकलं त्या दिवशी मी घरी जाताना पावशेर जिलेबी नेली. खोटं कशाला सांगू?

महिन्याभराने एका रविवारी दुपारी साहेब आमच्या दारात उभे. हातात प्लास्टिकची पिशवी, तीत फायली. बायकोने पाणी दिलं. त्यांनी खिशातून कंगवा काढला आणि मग न वापरताच परत ठेवला.

"पराते, मी केस टाकली आहे. वकील म्हणतात, मी कामगार होतो हे सिद्ध झालं पाहिजे."

मला आधी नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं. "कोण कामगार होतं?"

"मी. मला कसले अधिकार होते? वरून यायचं ते मी टाइप करायचो, सही करायचो. एक सुट्टी मला माझ्या मनाने देता येत नव्हती. तुम्ही पाहिलं आहे सगळं. तुम्ही साक्ष द्या."

"माझ्या केसमध्ये हे काहून नाही सांगितलं?"

त्यांनी ग्लास खाली ठेवला. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून आमची बोली आली. "तवा मले नोकरी होती गा."

एवढंच. माफी नाही, लाज नाही. साठ माणसांचे संसार ज्या रेघेखाली गेले, ती रेघ ओढणारा माणूस आता तीच रेघ ओलांडून आमच्यात यायला निघाला होता, आणि त्याला हात द्यायला मी हवा होतो. उठून हाकलावं असं वाटलं. मी "विचार करून सांगतो" म्हणालो. ते मात्र साहेबांकडूनच शिकलो होतो.

मी कुंदाताईंकडे गेलो. त्या निवृत्त झाल्या होत्या, अंगणात गहू पाखडत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि सूप हातातच थांबवून विचारलं, "तो बोलते ते खरं आहे का खोटं?"

"खरं आहे. पण ताई, त्या माणसासाठी मी काहून जाऊ?"

"त्याच्यासाठी नको जाऊ. तुह्या तोंडासाठी जा." आणि पुन्हा पाखडू लागल्या.

मी साक्ष दिली. सुट्टी मुंबईहून यायची, हे सांगितलं. फोनवर साहेब अर्धे उठून बोलायचे, हेही सांगितलं. माझ्या आईच्या वेळची दोन दिवसांची सुट्टी सांगितली. आणि कोणी विचारलं नव्हतं तरी हेही सांगितलं, की सुनावणीत मी स्वतःबद्दल खोटं बोललो होतो.

कंपनीच्या वकिलाने विचारलं, "तुमचा यांच्यावर राग आहे?"

"आहे."

"मग यांच्यासाठी का आलात?"

"यांच्यासाठी आलो नाही."

साहेब शेजारीच उभे होते, फायलींची पिशवी छातीशी धरून. कंपनीचा वकील बोलायला लागला, की ते मुंबईचा फोन आल्यासारखे अर्धे वाकत होते. त्या एका क्षणी मला त्यांची कीव आली. बाहेर आल्यावर ते वकिलाला विचारत होते, "यांनी राग आहे म्हटलं, त्याने आपलं काही बिघडणार नाही ना?" कीव तिथेच संपली.

न्यायालयाने त्यांना कामगार ठरवलं. कंपनीने तडजोड केली, साहेबांना काहीतरी मिळालं. हे मला कुंदाताईंकडून कळलं. साहेबांचा फोन आला नाही.

मागच्या महिन्यात सीताबर्डीला गेलो होतो, कुकरची रिंग घ्यायला. व्हरायटी चौकाच्या गर्दीत दहा पावलांवर साहेब दिसले. केस पांढरे, पाठीत वाकलेले. हातात औषधांची पिशवी होती. त्यांनी मला पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून मेट्रोच्या जिन्याकडे वळले. मला हाक मारायची होती. चांगलं काही बोलायचं होतं अशातला भाग नाही, पण सोडायचंही नव्हतं. साहेब म्हणायला जीभ वळेना. भाऊ म्हणायला मन होईना. त्यांचं नाव मला ठाऊक होतं, पण त्या नावाने मी त्यांना जन्मात कधी बोलावलं नव्हतं. काय म्हणून हाक मारावी, हे माझं ठरेपर्यंत जिन्यावरच्या माणसांत ते दिसेनासे झाले.