दोन्ही सारखंच
डोळे तपासायची ट्रायल फ्रेम स्पिरिटने पुसताना तो थंड वास आला, की मला एदोगावा वॉर्डाच्या ऑफिसचा हॉल आठवतो. नवऱ्याच्या प्रोजेक्टमुळे आम्ही तेव्हा नुकतेच जपानला गेलो होतो आणि तो रविवारीसुद्धा तोयोसूच्या ऑफिसात असायचा. मी पुण्यात ऑप्टोमेट्रिस्ट होते हे कळल्यावर स्टेशनजवळच्या चष्म्याच्या दुकानातल्या बाईंनी मला चष्मेवाल्यांच्या स्थानिक समितीच्या ट्रेनिंगला बोलावलं. "जाच तू, ओळखी होतील," नवरा म्हणाला. मी इस्त्री केलेला पांढरा कोट पिशवीत घालून नेला. त्या हॉलमध्ये गेल्यावर कळलं, की त्यांना सरावासाठी पेशंट हवे होते. कोट पिशवीतच राहिला. एक तरुण मुलगी समोर बसली, तिने माझ्या नाकावर फ्रेम ठेवली आणि एकेक भिंग बदलत हळू आवाजात विचारू लागली, "दोच्चि?" म्हणजे, यातलं कुठलं बरं. कित्येक आठवड्यांनी कुणीतरी इतक्या जवळून माझ्या डोळ्यांत बघत होतं, मला काय वाटतं ते विचारत होतं आणि उत्तरासाठी थांबत होतं. शेवटच्या दोन भिंगांतून सारखंच दिसलं. तसं सांगितलं की तपासणी संपते, हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून मी जरा वेळ गप्पच बसले. मग म्हणाले, "ओनाजी." सारखंच. तिने फ्रेम काढली, वाकून आभार मानले आणि ती पुढच्या खुर्चीकडे गेली. आता माझ्याकडे कुणी एकटंच तपासायला आलं, तर नंबर सापडल्यावरही मी आणखी एक भिंग घालते आणि विचारते, "आता?"