आंधळा मोर

आफरीन डीएनएमध्ये माहिती साठवते हे कळल्यावर सोलापुरात लोकांनी तिला दोनच प्रश्न विचारले. "पेनड्राइव्ह काय वाईट हाय?" आणि "लग्न कधी?" दुसऱ्याचं उत्तर तिच्याकडं नव्हतं, पहिल्याचं कुणी ऐकून घेत नव्हतं.

तिचे अब्बा, महबूब, चादरीच्या मागासाठी पुठ्ठ्यांना भोकं पाडायचे. भोक असलं की धागा उचलतो, नसलं की नाही. त्यातून नक्षी उठते. तीस वर्षं भोकं पाडून माणसानं कमावलं काय, तर स्वतःच्या डोक्यातून काढलेला एक मोर! कारखाना बंद पडला, पुठ्ठे वाळवीनं आवडीनं खाल्ले. त्याआधी आफरीननं ते स्कॅन करून, भोकं न् कोऱ्या जागा डीएनएच्या अक्षरांत मांडून, मोर एका नळीत सुकवून ठेवला होता. मग लॅपटॉपनंही मान टाकली. उरली ती नळी. डीएनए हजार वर्षं टिकतो, असं आफरीन छातीठोक सांगायची आणि तरी बाईंनी नळी ठेवली आपल्या कॉलेजच्या डीप फ्रीजरातच.

"माझा मोर बरा हाय न्हवं?" अब्बा रोज विचारायचे.

आणि आली खंडेनवमी. कॉलेजचे शिपाई गुरुसिद्धप्पामामा यांनी प्रयोगशाळेतली यंत्रं पुसली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचे हार घातले आणि आज हत्यारांना विश्रांती म्हणून भक्तिभावानं सगळी बटणं बंद केली. फ्रीजरचंसुद्धा. पुढं चार दिवस सुट्टी. ऑक्टोबरातलं सोलापूर, म्हणजे काय, नळीला हुडहुडीच भरली असणार!

सुट्टीनंतर आफरीननं दार उघडलं तर फ्रीजरातून कुबट वास. नळी मुठीत धरून तिनं मामांना गाठलं.

"मामा, फ्रीजरला कुणी विश्रांती देतं व्हय?"

"देवाचं केलंय की मॅडम, वंगाळ कसं हुईल?"

नळीतला डीएनए वाचून घ्यायला ती पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवली. पंधरा दिवस तिला घास गोड लागला नाही. अब्बांना रोज "बरा आहे" सांगत राहिली.

उत्तर आलं. एकूण एक भोक जागेवर! तिनं मोर छापला आणि धावतच घरी नेला.

अब्बांनी चोचीपासून बोट फिरवलं, डोक्याशी थांबवलं.

"ह्येचा डोळा पाडायचा ऱ्हायला होता माझा. मालकाला कळलं न्हाय, गिऱ्हाइकाला न्हाय. अर्ध्या सोलापूरनं आंधळा मोर पांघरला." मग हळूच म्हणाले, "हजार वर्षं टिकणार म्हणतीस?"

"हो, अब्बा."

"काय केलंस गं पोरी! तीस वर्षं लपवलं होतं मी."